माझ्या आवाजाची वाटणी

मी, किशोरी विनेश नाखवा, माहेरचे नाव किशोरी कान्हा भगत, वय तेहतीस, व्यवसाय लहान मुलांसाठी रंगमंचावर व दूरचित्रवाणीवर बोलक्या बाहुलीचे कार्यक्रम करणे, राहणार कोळीवाडा, थळ, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या वडिलांच्या पडवीत बसून, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टर सुचिता यांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट घरातले सगळे लिहू नकोस असेच म्हणतात.

मला रक्ताचा आजार आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी आता बदलून देण्यासारखे औषध राहिले नाही असे सांगून मला घरी पाठवले आहे. माझ्या वकील मृणालताई यांनी समजावले की मृत्युपत्रात कारणे द्यावी लागत नाहीत, कोणाला काय एवढेच लिहावे. पण माझी पहिली शाळा घरातली. आई सुकटीच्या वाट्यांवर मला हिशेब शिकवायची आणि उत्तर बरोबर आले तरी, "कसं काढलंस ते सांग" म्हणायची. त्यामुळे कारण दिल्याशिवाय मला काही देता येत नाही. मृणालताईंनी क्षमा करावी.

कलम १. माझ्या मागे माझे पती विनेश, आमची मुलगी तुळशी, वय पाच, आणि माझे वडील कान्हा भगत, ज्यांना यापुढे आबा म्हटले आहे, एवढी माणसे आहेत. विनेश उरणकडे बंदरात टगबोटीवर कामाला आहेत आणि आठवडाभराची पाळी संपली की घरी येतात. तुळशीचे पालक तेच. ते बोटीवर असतील तेव्हा ती आजच्यासारखीच आबांकडे राहील. विनेशना पुन्हा लग्न करावेसे वाटले तर करावे. हे मी रागाने लिहीत नाही. थोडे रागाने लिहीत आहे, पण मत पक्के आहे.

कलम २. अलिबागमधला एका खोलीचा फ्लॅट मी टीव्हीच्या कमाईतून घेतला. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. तो तुळशीचा. ती सज्ञान होईपर्यंत विनेशनी तो भाड्याने द्यावा व विकू नये. बाथरूमच्या छतातून पाणी गळते हे भाडेकरूला आधी सांगावे.

कलम ३. बँकेतल्या पैशांतून प्रथम दवाखान्याची उरलेली देणी द्यावीत. राहील ते तुळशीच्या शिक्षणासाठी. माझ्या आईच्या सोन्याच्या बुगड्या तुळशीच्या. तिने घातल्याच पाहिजेत असे नाही.

कलम ४. स्पीकर, कानाला लावायचा माईक आणि घडीचा पडदा गावच्या बालवाडीला द्यावा. पडद्याला खाली एक भोक आहे. ते शिवू नये. किहीमच्या बंगल्यांतल्या वाढदिवसापासून पालीच्या जत्रेपर्यंत प्रत्येक खेळात एक तरी मूल त्या भोकाला डोळा लावून बसायचे. आत माझी फक्त चप्पल दिसायची, तरी ते उठायचे नाही.

कलम ५. "सोनूबाईची टोपली" हा रविवार सकाळचा कार्यक्रम मी सात वर्षे केला. सोनूबाई म्हणजे टोपली घेऊन बसलेली मासळीवाली बाहुली आणि मी तिची गिऱ्हाईक, किशोरीताई. मुलांनी फोन करून घरच्यांच्या तक्रारी सांगायच्या आणि सोनूबाईने निवाडा द्यायचा. कार्यक्रमाचे निर्माते श्री. अल्पेश यांनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेतले. "ताई, तिला 'न्हाय' म्हणायला लावू नका. 'नाही' म्हणू दे. शहरातल्या आया तक्रार करतात."

बाहुली माझ्या हातातच होती. ती म्हणाली, "आरं सायबा, न्हाय म्हंजे न्हाय. त्यात शहरानं काय करायचं?"

सगळे कॅमेरावाले हसले. अल्पेश हसले नाहीत. कार्यक्रम बंद करून त्या जागी परदेशी कार्टून लावली तेव्हा ते मला म्हणाले, "आता तरी नाही म्हणाल ना?" ते त्यांनी निरोपाच्या जेवणात म्हटले, हे मी विसरलेले नाही. करारानुसार "सोनूबाई" हे नाव वाहिनीचे आहे. म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही आणि देत नाही. त्यांनी दिलेले काचेचे सन्मानचिन्ह मात्र माझे आहे. ते त्यांना परत पाठवावे. टपालखर्च माझ्या पैशांतून करावा, म्हणजे तक्रार नको. माझ्या अंत्यविधीला वाहिनीची माणसे आली तर त्यांना पाणी द्यावे. फोटोशेजारी बाहुली ठेवून चित्रण करू देऊ नये.

कलम ६. आता बाहुलीबद्दल. हे कलम लांब होणार आहे.

पांगाऱ्याच्या लाकडाची ही बाहुली, तिची साडी, टोपली व पत्र्याची पेटी आबांना परत द्यावी. मुळात ती त्यांचीच. होड्या किनाऱ्याला ओढल्या की पावसाळ्यात व सणावारी आबा तिचे खेळ करायचे. तेव्हा सोनूबाईचा आवाज घोगरा होता, बिडी ओढणाऱ्या म्हातारीसारखा. लोक त्या आवाजालाच हसायचे. आबांच्या हयातीनंतर तिचे काय करायचे ते तुळशीने ठरवावे.

बाहुली देता येते. आवाजाबद्दल करारात काही लिहिलेले नाही, सातबाऱ्यावर तो लागत नाही, म्हणून त्याची व्यवस्था इथे लिहीत आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर एका दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. तुळशी शाळेत होती. पडवीतून माझा आवाज आला, "तुळशे, बाय, पाय पुसून ये गो घरात." क्षणभर वाटले, मीच बोलले. मग कळले की मी तोंड उघडलेले नाही. आजारपणात वाक्याच्या मध्येच मला दम घ्यावा लागतो. तो दमसुद्धा होता, "पाय" आणि "पुसून" यांच्या मध्ये.

उठून दारात गेले. आबा पाठमोरे बसले होते. मांडीवर सोनूबाई.

"आबा, काय चाललंय हे?"

त्यांनी वळून पाहिले नाही. बाहुलीचे तोंड मिटवले. "सराव."

"कशाचा?"

"तुला ठावं हाय."

"ठावं असून विचारते."

"पोर येकदम तुटंल गो," आबा म्हणाले. "जरा जरा करून सोडवू तिला. तुला न्हाय का सोडवली तशीच?"

मी परत आत जाऊन पडले. आबांनी हे प्रेमाने केले हे मला माहीत आहे. जगात दुसरे कोणते वडील ही चूक करूच शकत नाहीत, कारण त्यांना ते जमणारच नाही. म्हणून जे बोलता आले नाही ते इथे लिहीत आहे.

मी सात वर्षांची असताना आई तापाने गेली. आबा पालीला जत्रेत खेळ करत होते, ते दुसऱ्या दिवशी पोचले. मी रडत होते, जेवत नव्हते. बाराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा आबांनी सोनूबाईला मांडीवर घेतले आणि ती घोगऱ्या आवाजात नाही, आईच्या आवाजात बोलली. "किशे, केस मोकळे सोडून झोपू नको." मी उठून वेणी घातली. मग ती रोज बोलायची. मी विचारायचे, ती उत्तर द्यायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, पोर कशी सावरली बघ. मी सावरले नव्हते. आई पेटीत राहायला गेली आहे अशी माझी समजूत झाली होती. आबा होडीवर गेले की मी पेटीच्या फटीतून तिच्यासाठी भाकरीचे तुकडे आणि सुके बोंबील सरकवायचे.

वासामुळे आबांनी पेटी उघडली. आतले तुकडे त्यांनी एकेक करून बाहेर काढले. त्या दिवसापासून त्यांनी आईचा आवाज बंद केला. मला काही समजावले नाही, त्यांना ते जमले नसावे. मी विचारत राहिले आणि बाहुली पुन्हा घोगऱ्या म्हातारीसारखी खोकत राहिली.

आई पहिल्यांदा गेली तेव्हा घरात माणसे मावत नव्हती. दुसऱ्यांदा गेली तेव्हा कोणी आले नाही.

मग तो आवाज मी स्वतः शिकले, समुद्राकाठच्या खडपावर बसून, नारळाच्या करवंटीला तोंड समजून. शाळेच्या संमेलनात, नारळी पुनवेला, नंतर टीव्हीवर, माझी सोनूबाई जे बोलली ते सगळे आईच्या आवाजात. माझ्या आईला ओळखत नसलेली कितीतरी मुले तिच्यावर हसली. तिला हे आवडले असते की नाही याची मला अजून खात्री नाही. आबांनी तो कार्यक्रम कधी पूर्ण पाहिला नाही. तो लागला की त्यांना जाळ्याची आठवण व्हायची.

कलम ७. म्हणून माझी अट अशी. माझ्या मृत्यूनंतर आबांनी अथवा दुसऱ्या कोणीही, बाहुलीच्या तोंडून किंवा बाहुलीशिवाय, फोनवर किंवा एखाद्या यंत्राच्या मदतीने, तुळशीशी माझ्या आवाजात बोलू नये. तिने हट्ट केला तरी. ती जेवत नसली तरी. एकदासुद्धा.

जुन्या कार्यक्रमांच्या चित्रफिती तिला दाखवायला हरकत नाही. मृणालताईंनी यात फरक काय असे विचारले. फरक असा की चित्रफीत उत्तर देत नाही. जे उत्तर देते, त्याची मूल वाट बघते.

कलम ८. तुळशीला माझ्या मृत्यूची बातमी आबांनी सांगावी. विनेश बोटीवर असण्याचा संभव जास्त, म्हणून आबांनी. बाहुली पेटीत असावी. तुळशीला समोर बसवून, तिच्याकडे बघून, आपल्या स्वतःच्या आवाजात, ओठ हलवून सांगावे. "तुझी आई मेली. ती आता येणार नाही." देवाघरी गेली, झोपली, गावाला गेली असे म्हणू नये. ती गाडीची वेळ विचारेल. रडली तर रडू द्यावे. आबांना रडू आले तर त्यांनीही रडावे. तिला हसवण्याची जबाबदारी त्या दिवशी कोणावरही नाही.

कलम ९. हे कलम आधीच्या मसुद्यात नव्हते.

आज मृणालताईंनी वरील सर्व मजकूर आबांना वाचून दाखवला, कारण माझ्याने वाचवेना. आबा ऐकताना समोर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "बरोबर लिवलंय. मना तवा कळलं न्हाय. तुळशीसमोर न्हाय काढनार, शप्पत."

मग म्हणाले, "वकीलबाय, येक इचारू?"

"विचारा ना काका."

"घरात कोन नसंल तवा?"

मृणालताईंना प्रश्न कळला नाही. मला कळला. मी म्हटले, "आबा, आईचा आवाज तुम्ही बंद केला होता ना?"

"तुज्यासमोर केला," आबा म्हणाले. "होडीवर काढतो. लांब गेलो का. बाकीचे दोघं निजले का." पायाच्या अंगठ्याने ते जमीन उकरू लागले. "जास्ती न्हाय बोलत ती. जेवलास काय, येवढंच इचारते."

सव्वीस वर्षे झाली आईला जाऊन. मी कधी ऐकले नाही, मला कधी कळले नाही.

मृणालताई डोळे पुसून म्हणाल्या की याला कलम लागत नाही, हे कायद्याच्या कक्षेत येत नाही. असेल. पण आबांनी विचारले आहे आणि विचारले की लेखी उत्तर द्यावे असे मला वाटते. मी गेल्यावर त्यांनी परवानगी कोणाकडे मागायची?

तरी मी लिहून देते की माझे वडील कान्हा भगत यांना, ते एकटे असताना, माझा आवाज काढण्याची मुभा आहे. ही मुभा त्यांच्या हयातीपुरती आहे व दुसऱ्या कोणाकडे जात नाही. तुळशी घरात असेल तर त्यांनी होडीवर जावे. मी जेवणाचे विचारले, तर खरे सांगावे. जेवले नसतील तर न्हाय म्हणावे, आणि उठून जेवावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी विनेश यांनी करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पुढे वेळ मिळाला आणि काही बदलावेसे वाटले तर बदलेन, नाहीतर हेच शेवटचे.

ठिकाण: थळ, तालुका अलिबाग
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

(सही) किशोरी विनेश नाखवा

किशोरी यांनी आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीवर असताना, प्रत्येक पानावर सही केली. त्यानंतर त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळत नाही.

साक्षीदार
१. (सही) शिवानी रमाकांत पाटील, शेजारी, कोळीवाडा, थळ
२. (सही) कुलदीप हरिश्चंद्र म्हात्रे, दुकानदार, थळ