मी म्हणालो, ग्यासच हाय

२२ जानेवारी २०२५, बुधवार

वैज्या मेला. काल सकाळी.

लोक 'देवाघरी गेला' म्हणून राहिलेत. देवाघरी कशाचा जातो तो! देवानं दारात विचारलं असेल, काय पाहिजे? आणि हा म्हणाला असेल, "घ्यायचं तं घे, न्हाई तं पुढं व्हय." चाळीस वर्षं भांड्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी असंच बोलला. बायांनी पातेलं टिचकी मारून वाजवून पाहिलं की ओरडायचा – "भांडं हाय ते, तबला न्हाई!" तरी बाया त्याच्याकडंच यायच्या. सेनगावची दुकानं सोडून यायच्या.

सगळे म्हणाले, चेहरा किती शांत दिसतो. कशाचा शांत! मी ते तोंड साठ वर्षं पाहिलं. शिवी अर्धी राहिली होती त्याची.

बाजारातली सगळी दुकानं बंद होती. हा मात्र कोणाच्या मयतीला दुकान बंद ठेवायचा नाही. "मयत झाली की भांडे लागतेतच," म्हणायचा. नालायक!

जेवलो नाही. हिनं दोनदा विचारलं.

२३ जानेवारी

लिहूनच टाकतो. ही वही कोणी वाचत नाही. हिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा हिला सापडत नाही.

सोमवारी संध्याकाळी, सहाच्या सुमारास, वैज्याचा फोन आला.

"संपत्या, छातीत जड-जड वाटून राहिलं बे. हात बी दुखून राहिला."

कोणता हात? – मी विचारलंच नाही! तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. असा पेशंट आला की आमचे डॉक्टर पहिलं हेच विचारायचे. डावा का उजवा? मी शेजारी उभा राहून रोज ऐकायचो. आणि मी काय विचारलं? "भजे किती हाणले?"

"दोन पलेट."

"मग ग्यासच हाय! ओवा चाव अन् असा सोड की सेनगावला ऐकू गेला पायजे."

हसला. मीही हसलो. लय भारी बोललो असं वाटलं म्हणून हिलाही सांगितलं. हीपण हसली.

सकाळी सहाला नर्मदावहिनींचा फोन. मी पोचलो तेव्हा गार होता.

गावात आजही मला डॉक्टर म्हणतात. लेकरू पडलं, पोट दुखलं, ताप आला – विचारा डॉक्टरला! आणि डॉक्टरनं जिवाभावाच्या माणसाला ओवा सांगितला.

वहिनींना सांगायला पाहिजे. तेरवीच्या आत. त्या अजून मला "भाऊजी, भाऊजी" करून पाणी आणून देतात. मी तांब्या तसाच ठेवून उठतो.

२४ जानेवारी

गेलो होतो. घर पाहुण्यांनी भरलेलं. सुकन्या, त्याची लेक, कनेरगाव नाक्याहून आली आहे. गळ्यात पडून रडली – "काका, बाबा सगळ्यात आदी तुमालाच फोन करायचे." पोरीला माहीत असतं तर!

परत आलो.

२५ जानेवारी

आज ग्यानोबा आला होता, मेंढरं माळावर सोडून. वय ऐंशीच्या पुढं. वैज्याच्या दारात बसून ढसाढसा रडला आणि मग असा काही बोलला की पाहुण्यांना हसावं का रडावं कळेना.

त्याचं असं झालं होतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ग्यानोबानं दुधाची कॅन घेतली. बापाच्या आठवणीत तिच्यावर बापाचं नाव टाकायचं होतं. भांड्यावर नाव टाकायचं काम वैज्या स्वतः करायचा, मशीननं, आणि हात चालायचा त्याच्या चौपट तोंड चालायचं. बोलता बोलता त्यानं 'कै.' टाकलं आणि पुढं बापाऐवजी ग्यानोबाचंच नाव! जिवंत माणूस समोर बसलेला. मी म्हणालो, "अरे वैज्या, मारलं ना त्याला!" वैज्याची जीभ पहिल्यांदा अडकली. दुसरी कॅन देतो म्हणाला. ग्यानोबा म्हणाला, "राहू द्या मालक. यम आला तं वाचंल अन् म्हनंल, ह्याचं काम झालेलं हाय. जाईल पुढं."

ती कॅन घेऊन अजून फिरतो. ऐंशी पार!

आज तो म्हणाला, "मालकानं सोताच्या तांब्यावर बी लिवून ठिवायला पायजे व्हतं. म्या सांगितलं व्हतं. ऐकलं न्हाई."

वैज्यानं जन्मात कोणाचं ऐकलं?

२६ जानेवारी

झेंडावंदन. शाळेत जिलबी वाटली. वैज्या दरवर्षी माझी पण खायचा, "तुला शुगर हाय" म्हणून. मला शुगर नाही.

आज दोन्ही खाल्ल्या. गोड लागल्या नाहीत.

२७ जानेवारी

आज सांगणारच होतो. वहिनी दुकानात एकट्या, फडकं घेऊन घागरी पुसत होत्या. मी तोंड उघडलं आणि त्याच म्हणाल्या, "भाऊजी, एक काम हाय. न्हाई म्हनू नगा."

तेरवीला सोयऱ्यांना वाटायचे एक्कावन्न डबे. त्यांच्यावर त्याचं नाव टाकायचं. कोण टाकणार? मी म्हणालो, हिंगोलीहून करून आणू. वहिनी म्हणाल्या, "हिंगोलीवाल्याचं अक्षर ह्यांना अजाबात आवडत नव्हतं. तुमीच टाका. तुमचं अक्षर चांगलं म्हनायचे हे."

माझं अक्षर चांगलं म्हणायचा? माझ्या तोंडावर तर म्हणायचा की मुंगी शाईत बुडून कागदावर मेली.

हो म्हणालो. जे सांगायचं होतं ते राहिलं ते राहिलंच.

२८ जानेवारी

ते मशीन म्हणजे दिसायला पेन, चालवायला रेडा! बटण दाबलं की गुर्रर्र करून हाताबाहेर पळतं. आधी चमच्यावर हात बसवला. 'वैजनाथ' मधला 'ज' अन् 'न' चमच्याच्या पोटात असे काही घुसले की मलाच वाचता येईना. आणि मी चाळीस वर्षं त्याच्या चुका काढल्या!

चुका होत्याच म्हणा. गोरेगावच्या एका लग्नात परात दिली होती, तिच्यावर 'सप्रेम भेट' च्या जागी 'सप्रेत भेट'. वरबाप परात घेऊन दुकानात. तोंड लालभडक. वैज्या शांतपणे म्हणाला, "एका अक्षरानं काय व्हते! परातीत पीठच मळाचं ना?" मी मागं पोत्यावर बसून इतका हसलो की पोतं फाटलं. वरबापानं मलाच धरलं. वैज्या म्हणाला, "हाना त्याला, त्यानंच सांगितलं 'त' टाक म्हनून." साफ खोटं! सातवीत दोघंही नापास झालो तेव्हाही सगळ्यांना सांगत सुटला – संपत्या एकटा पडू नये म्हनून मी पेपर सोडला. गणितात तीन मार्क होते त्याला!

दुकानात एकटाच हसत बसलो. मग थांबता येईना. मग ते हसू राहिलं नाही. सुकन्या पाणी घेऊन आली अन् दारातूनच परत गेली.

बारा डबे झाले. सगळ्यांवर नुसतं 'वैजनाथ'. पुढचं 'कै.' टाकलेलं नाही. शेवटी एकदम टाकीन.

३० जानेवारी

दहावा. कावळा पिंड ठेवायच्या आधीच हजर! गुरुजींचा हात मागं होईस्तोवर पण थांबला नाही. सगळे खूश – काही इच्छा राहिली नाही बघा. दिपक, वैज्याचा पुतण्या, हात जोडून म्हणाला, "काका तृप्त गेले."

मला राग आला. खरंच आला. थोडा तरी अडायचा ना! कोणीतरी विचारलं असतं, कशासाठी अडला? आणि मी सगळ्यांसमोर बोलून मोकळा झालो असतो. वैज्या जिवंतपणी भज्यांवर असाच तुटून पडायचा. मेल्यावरही दम नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

एक्कावन्न झाले. आज सकाळपासून 'कै.' टाकायला बसलो. मशीन चालू करायचो, बंद करायचो. वीज गेली तेव्हा बरं वाटलं. वीज आली.

पहिल्या डब्यावर टाकलं. मग दुसऱ्या. पाच-सहा झाल्यावर हात आपोआप चालायला लागला. एवढंच असतं बघ. सहाव्या डब्याला सवय होते.

उद्या तेरवी. उद्या सांगायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस होता! सगळं सरळ लिहितो.

पंगती उठल्या. भाषणं झाली. दिपक माइकवर म्हणाला, "काका मृदुभाषी होते." मागं कोणीतरी खोकलं. कोणीतरी नाही, निम्म्या मांडवाला खोकला झाला. आणखी कोणी म्हणालं, त्यांनी कधी कोणाला दुखावलं नाही. मी बायांच्या बाजूला पाहिलं. सगळ्या पदर तोंडाला लावून. रडत नव्हत्या. मला बोला म्हणाले. मी म्हणालो, "वैज्या तोंडाचा गटार होता. पन ज्याच्या घरी लग्न अन् भांडं न्हाई, त्याच्या घरी आधी भांडं जायाचं, मंग शिवी." बसलो. पहिल्यांदाच लोक खरं रडले.

डबे वाटून झाले तेव्हा वहिनींनी बोलावलं. दुकानाच्या मागच्या खोलीत. मी मनाशी वाक्य जुळवून गेलो होतो. वहिनी, माझ्याकडून एक चूक झाली. एवढं पाठ केलं होतं.

त्याच आधी बोलल्या.

"भाऊजी, तुमी डाक्टरापाशी ऱ्हायलेले. मला खरं सांगा. त्या दिशी सांच्याला तुमच्याशी बोलून फोन ठिवला अन् हे म्हनले, 'त्या बाटल्याभऱ्याला काय कळते! ग्यास म्हनतो. वसरामची जीप सांगू, हिंगोलीला दाखवून येऊ.' उठले बी. म्याच म्हनले, आत्ता काहून? उद्या लग्नाचं गिऱ्हाईक येऊन राहिलं, भांडे पुसाचे पडलेत. सकाळी जाऊ. हे गप बसले. मला जराक बी बोलले न्हाईत. कधी न्हाई ते माजं ऐकलं! भाऊजी, तवाच नेलं असतं तं वाचले असते का?"

तेरा दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सुकन्यालाही नाही. हात थरथरत होते.

'नसता वाचला' म्हणणार होतो. पण कसं म्हणू? गेल्या वर्षी वहिनींच्या भावाला असंच झालं. याच वसरामनं जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. तो भाऊ आज पंगतीत बसून बुंदी वाढा म्हणत होता. वहिनींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मी म्हणालो, "बघू." बघू! काय बघू?

घरी आलो. म्हणजे वैज्यानं माझं ऐकलंच नव्हतं! मला कंपाउंडरला बाटल्याभऱ्या म्हणाला आणि निघाला होता. खरं लिहायचं तर येताना वाटेत एकदम हलकं वाटलं. पाय भराभर पडायला लागले. लाज वाटते लिहायला. पण वाटलं. मग वहिनींचे हात आठवले.

३ फेब्रुवारी

सकाळीच गेलो. म्हणालो, वहिनी, तो तुमचं ऐकून थांबला नाही. तुम्ही भांडी पुसत होत्या तेव्हा त्यानं मला परत फोन केला. वसरामला बोलवू का म्हणाला. मीच शिव्या घातल्या. येडा हायेस का, ग्यासच हाय, गुमान पडून राह्य. म्हणून राहिला. नेलं असतं तर वाचला असता. माझ्यामुळं गेला.

वहिनींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. हात थरथरत नव्हते. मग म्हणाल्या, "भाऊजी, आता ह्या दारात येऊ नगा."

आलो.

दुसरा फोन आलाच नव्हता.