तेल वाढलं त्याचा कागद

बार्सिलोना बंदर

तीर्थरूप बाबा,

तुमच्या अन् आईच्या पाया पडते. मी बरी हाये, वेळेवर जेवते. आता जहाज हाललं तरी मळमळत नाही. आईचा गुडघा कसा हाये?

इथं जहाजाच्या रिसेप्शनच्या काउंटरवर माह्यं काम चांगलं चालू होतं. पण तेल महागलं, म्हणून कंपनीनं प्रवाशांवर रोजचा इंधन अधिभार लावला. ज्यायनं वर्षभर आधी पुरं तिकीट भरलं, त्यायलेही. त्या जास्तीच्या पैशाचा कागद प्रवाशांच्या हातात द्यायचं काम माह्याकडं आलं.

काल एक म्हातारं जोडपं आलं. बाईनं शांतपणे विचारलं, "पोरी, आमी सगळे पैसे भरले होते ना?" मी म्हटलं, "हो, पण तेलाचे भाव वाढले." तिच्या नवऱ्यानं कागद चुरगाळून माह्या तोंडावर फेकला. सारी लाईन पाहून राह्यली होती. मी हात जोडून माफी मागितली.

बाबा, डिझेल वाढलं तवा तुमी जीपचं भाडं पाच रुपयानं वाढवलं, अन् बाभुळगावच्या स्टँडवर एकानं तुमची कॉलर धरली. तुमी हात जोडले. मी दहावीत होती. घरी येऊन तुमाले म्हटलं, "काहून जोडले हात? लाज नाही वाटली?" तुमी ताटावरून उठून बाहेर जाऊन बसले.

मले माफ करा. आईले यातलं काही सांगू नका.

आज दुपारी नवे प्रवासी चढतीन. तोच कागद घेऊन मले तिथंच उभं राहायचं हाये. तवा कॉलर धरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी त्याच स्टँडवर जीप कशी नेली, तेवढं मले सांगा.

तुमची लेक,
निकिता