वालूरच्या अभ्यासिकेतली धुरकट अक्षरं

१ डिसेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.
विरूपाक्षअप्पांनी आपल्या आडत दुकानाच्या माडीवर अभ्यासिका काढली. नवे सपाट मॉनिटर आणले. विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स मी टाकलं. सेलूला जीवन त्याच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात लिनक्सच वापरतो, पण त्याचा इथं संबंध नाही.
अप्पांनी प्रत्येक पडद्यावर विभूतीची बोटं ओढली, मधोमध कुंकू. पडद्यावरचं प्लॅस्टिक ठेवायचं ठरलं. नवी वस्तू लगेच कशाला उघडी करायची? मामानं मोटारसायकल दिली तेव्हापासून आमच्याही टाकीवर आहे.
अप्पा म्हणाले, शंभ्या, महिनाभर बघतो. पोरांचं नीट चाललं तर एक तारखेपासून किल्ली कायमची आन् पगार तुला. न्हाई तर जीवनला बोलावतो.
जीवनचं नाव काढायची गरज नव्हती.

३ डिसेंबर
अर्पिता तलाठी परीक्षेचा अभ्यास करते. म्हणाली, अक्षरं लय धुरकट दिसायलीत, ध हाय का घ कळंना. मी सांगितलं की नव्या मॉनिटरवर लिनक्सची अक्षरं बसायला वेळ लागतो. हे तिथल्या तिथं सुचलं, पण खरं असणार.
तिनं विचारलं, मग जीवनदादाकडं कसं लख्ख दिसतं?
दादा. कॉलेजात माझ्यापेक्षा फक्त एक वर्ष पुढं होता. तो बी.कॉम. झाला, मी होणारच होतो.

५ डिसेंबर
सेलूला गेलो. हेरगिरी नाही, चहा प्यायला. दुकानाबाहेर त्याची निळी मोटारसायकल चमकत होती. मॉडेल आमचंच, पण आमची राखाडी. आत पडद्यावर जोडाक्षरं सुईनं कोरल्यासारखी. कप अर्धाच ठेवला. चहा खराब असेल.
तो म्हणाला, शंभू, येऊन बघू का एकदा? मी म्हटलं, आमच्याकडं सगळं झकास हाय. तो गिऱ्हाइकाशी बोलायला उठला तेवढ्यात त्याच्या फॉन्टच्या सेटिंगचे फोटो काढले.

८ डिसेंबर
सगळं त्याच्यासारखं केलं. फॉन्ट तोच, कडा गुळगुळीत करायची सेटिंग तीच. फरक शून्य. एखादी सेटिंग लपवून ठेवली असणार. मी त्याच्या जागी असतो तर लपवलीच असती.

११ डिसेंबर
नेटवर वाचलं की प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असा क्रम असतो. जीवनचा तोच आहे. मी उलटा केला. आता अक्षरांना बारीक रंगीत किनार आली आहे. पैठणीसारखी. अर्पिता म्हणाली, डोळे दुखायलेत.
दुपारी टेम्पोत जागा होती म्हणून चारठाण्याला गेलो. देवळांवरची नक्षी इतकी जुनी, तरी किती स्पष्ट दिसते. तिथं लिनक्स नाही.

१६ डिसेंबर
मधे लिहिलं नाही. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो, मॉनिटरसाठीच. येताना एका शेतावर हुरडा पार्टी होती. थांबावं लागलं.
परतलो तर कळलं, जीवन येऊन गेला. महिनाभरापुरती दिलेली किल्ली माझ्या खिशात, त्यामुळं कुलूप बघून गेला. मस्त झोप लागली.
पोरं पण कुलूप बघूनच गेली म्हणे.

२० डिसेंबर
अक्षरं दुप्पट मोठी केली. आता प्रश्न मावतो, पर्याय मावत नाहीत. पडदा फडक्यानं पुसूनही बघितला, विभूती सोडून. जीवननं एवढी मेहनत कधी घेतली नसेल.

२४ डिसेंबर
अप्पा स्वतः तुरीचा भाव बघायला बसले. दिसला नाही. चष्मा पुसला, तरी नाही. मग त्यांनी जीवनला फोन लावला. मी म्हटलं, येऊ द्या. मला जमलं नाही ते त्याला काय जमतंय?

२६ डिसेंबर
जीवन आला. कीबोर्डला हातच लावला नाही. अप्पांना विचारलं, विभूती मोडू देत न्हाई, काढू का? अप्पांनी मान हलवली. त्यानं कोपऱ्यात नख घातलं आणि विभूती-कुंकवासकट प्लॅस्टिक अलगद सोललं. मग बाकीचीही. अप्पांनी ती देवाच्या फोटोशेजारी भिंतीला लावली.
खाली अक्षरं लख्ख. फक्त रंगीत किनारीची. जीवननं विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, आपोआप होत असेल. त्यानं सगळं पूर्ववत केलं. म्हणजे एक तारखेला होतं तसं.
अप्पांनी माझ्याकडून किल्ली घेऊन त्याच्यापुढं धरली. तो म्हणाला, मला दुकान हाय, शंभूलाच ठेवा. लय धडपड केली त्यानं.
म्हणजे नोकरीही त्यानंच दिली. नसती दिली तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

१ जानेवारी
किल्ली कायमची मिळाली. पहिला प्रश्न अर्पितानं विचारला, जीवनदादा आता कधी येणारेत?
घरी आल्यावर राग आला आणि मोटारसायकलच्या टाकीवरचं मळकं प्लॅस्टिक ओढून काढलं.
गाडी निळी आहे.