बाबांची अकड

नागपूर

आई,
इथूनच दोन्ही हातांनी पाया पडते.

मी नीट पोहोचले. हॉस्टेलचं जेवण बरं आहे. तिकडे घरी, माधवगंजात थंडी वाढली का? बाबांची शाल आता तू घेत जा.

निघताना तू विचारलंस, "रागातच गेले का गं?" त्याचं उत्तर आता लिहिते. त्या दुपारी चहातल्या साखरेवरून तुमचं वाजलं, बाबा कूस बदलून झोपले आणि झोपेतच गेले. तू संध्याकाळपर्यंत उजव्या हातात त्यांचा हात धरून बसलीस. तुला उठवायला गेलो तर त्यांची बोटं तुझ्या हातावरून सुटेनात. शेजारच्या गरिमाभाभी म्हणाल्या, "अकड़ गए हैं." त्यांना म्हणायचं होतं, अंग आखडलंय; पण आपल्या घरी अकड म्हणजे बाबांचा ताठा. तू रडत म्हणालीस, "जातानाही सोडली नाही."

आई, ती अकड नव्हती गं. आम्हाला फिजिओथेरपीत पहिल्याच वर्षी शिकवतात. स्नायू आवळायला शक्ती लागते, तशी सैल सोडायलाही लागते. अन्न आणि श्वास यांतून ती सारखी बनत असते. श्वास थांबला की काही तासांत ती संपते आणि स्नायू असेल तिथेच अडकतो. बाबांची बोटं तुझ्या हातावर होती, तिथेच अडकली. त्यांच्यात राग नव्हता, सोडायची ताकद उरली नव्हती.

भाभींचा फोन आला होता. तू अजून डाव्या हाताने जेवतेस म्हणे, उजवा नुसता मांडीवर मिटून ठेवतेस.

तुझ्यात ताकद आहे ना, आई? मग तो हात उघड आणि जेव.

तुझी,
उन्नती