जीपचा पोळा

कनेरगाव नाक्याजवळचा तांडा,
पोळ्याची कर, २००३

तीर्थस्वरूप मोहनसिंग मामा,

सेवाचा दोन्ही हात जोडून राम राम. मामींचा गुडघा आता कसा आहे? हळदीचा लेप लावत असाल तर हळद वसमतचीच वापरा, आमच्याकडची भिजलेली आहे. तुम्ही चालवता ती एस.टी. सुखरूप धावत असावी. तिचं ऑइल कोण बदलतं, कधी बदलतं, हे मी आजवर विचारलं नाही याचं वाईट वाटतं. ते काम करणारा कुणीतरी असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला काल कळलं. तुमच्या बहिणीची, याडीची, तब्येत चांगली आहे. बांची चांगली आहे. जीपची नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, सोमवारी मला डोंगरकड्याच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून हजर व्हायचं आहे. (शाळा भरण्याआधी. आदेशात तसं लिहिलंय. उशीर झाला तर काय होतं ते लिहिलेलं नाही, म्हणून मला झोप लागत नाही.) तांड्यातून नोकरीवर जाणारी पहिली पोरगी, म्हणून बांनी घरोघर सांगून ठेवलंय की आमची मास्तरीण घरच्या जीपमधून जाईल, एस.टी.च्या दांडीला लोंबकळत नाही. (राग मानू नका. ते तुम्हाला मानतात, तुमच्या गाडीला मानत नाहीत.)

तर या जीपचं ऑइल मागच्या पोळ्याला बदललं होतं. बैलाला जसा वर्षातून एकदा मान, तसा जीपला, असा बांचा कायदा. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून अमावास्येला जीपही उभी, पोळ्याची मिरवणूक तेवढी सोडून. मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलं. (आधीच्या मालकानं ते उघडलंच नसावं, पानं एकमेकांना चिकटलेली होती.) त्यात म्हटलंय, पाच हजार किलोमीटरला ऑइल बदला. पण किलोमीटर दाखवणारा मीटर जीप घेतली तेव्हापासून बंद. मी म्हटलं, निदान नाका ते हिंगोली फेऱ्यांवरून अंदाज बांधू. बा म्हणाले, “बैल काय किलोमीटर मोजून पेंड खातो व्हय?”

नाक्यावर विचारावं तर तिथे सगळेच डॉक्टर. मिस्त्री म्हणतो, काळं पडलं की बदला. ते तर आठवड्यातच काळं पडतं, आणि ऑइल विकतो तोच. पंक्चरवाला म्हणतो, बोटाला चिकटेनासं झालं की बदला. ढाबेवाला, ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही, म्हणतो बदलायचं काहून, वरून ओतत राहा, मी कढईत तेच करतो. (त्याची भजी खाऊ नका.) आणि आमची जीप चालवणारा, काकांचा विकास, म्हणतो लाल दिवा लागला की बदलू. त्या दिव्याचा बल्ब यानंच काढून ठेवलाय, अंधारात डोळ्यावर येतो म्हणून. असली माणसं रस्त्यावर गाड्या चालवतात आणि शाळेत आम्ही लेकरांना रस्ता जपून ओलांडायला शिकवायचं!

शेवटी मी सांगितलं, ऑइल बदलल्याशिवाय मी जीपमध्ये पाय ठेवणार नाही. बा एकदम मवाळ झाले. “बरं माय, पोळाच हाय, बदलून टाकू.” काल सकाळी बैल धुऊन झाले, जीप धुऊन झाली, बॉनेटला गेरू लागला, बॉनेटवर झूल आली आणि विकासनं खालून बोल्ट काढला. काळंकुट्ट ऑइल घमेल्यात पडलं. ते बांनी बैलगाडीच्या आसासाठी उचलून ठेवलं, आणि मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नवं ऑइल कुणी आणलंच नव्हतं. विकास सायकलवर नाक्याला गेला तर मिस्त्री पोळ्यासाठी आपल्या गावाला गेलेला, दुकानाला कुलूप. (पुस्तकात एवढंच आहे की जुने तेल काढा, नवे भरा. मधे पोळा येतो, हे लिहिणाऱ्याला माहीत नसावं.)

इकडे मिरवणुकीची वेळ झाली, आणि बैलांच्या मागून जीप निघणार हे तांडाभर जाहीर. बांनी बैलांना पाजायला ठेवलेलं घाण्याचं करडीचं तेल आणलं. मी ओरडले. “बैलाच्या अंगी लागतं, हिच्या काहून लागणार न्हाई?” म्हणत त्यांनी बरणी रिकामी केली. तीही निम्मीच होती.

मामा, जीप चालू झाली. एवढंच नाही, वासही सुटला. शेजारची शकुबाई दारात येऊन विचारते, “कुणाच्या घरी तळण चाललंय गं?” सेवालाल महाराजांच्या देवळापर्यंत ती ऐटीत गेली, तिथे खडखडली, धुरानं भरली आणि बसली. बैल समोरच होते, पण पोळ्याला बैल जुंपत नाहीत. म्हणून आम्हाला जुंपलं. बा, विकास आणि मी, डोंगरकड्याची मास्तरीण, सगळ्या तांड्यादेखत जीप ढकलत घरी आलो. बैल शिंगाला बाशिंगं लावून बघत होते.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
सेवा

ता. क. पत्र खरं म्हणजे याचसाठी: तुम्ही रविवारी या. येताना ऑइलचा कॅन आणि तुमच्या ओळखीचा एखादा शहाणा मिस्त्री आणा. इंजिन धुऊन निघालं तर बांचा मान राहील. आणि ते निघो न निघो, सोमवारी सकाळच्या एस.टी.त मला एक जागा धरा. हे बांना तुम्ही सांगायचं, मी नाही.

ता. क. २. बांनी आत्ताच विचारलं, पत्र कुणाला? मी तुमचं नाव सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, लिहून टाक, पाव्हण्यांनी नाक्यावर उतरून थांबावं, मी त्यांना घ्यायला जीप घेऊन येतो, घाण्यावरून आणखी बरणीभर करडीचं तेल आणलंय.

मामा, उतरलात की थांबू नका. शेतातून चालत या.