गरब्याच्या तीन टाळ्या

कृपालीचे पप्पा,

मी व्यायामाच्या क्लासला गेले आहे. साडेआठला येईन. चहा तुमचा तुम्ही करून घ्या, आलं फ्रिजच्या दारात आहे.

होय, तोच क्लास. जाऊबाईंच्या देखत तुम्ही म्हणालात ना, "भानू उड्या मारायला लागली की अर्धं राजकोट भूकंप समजून रस्त्यावर येईल." त्यापायी मी दोन सकाळी क्लासच्या दारातून परत आले आणि घरी सांगितलं, बाजारात गेले होते, पण भाजी चांगली नव्हती.

काल आत शिरले. गाणं लागलं, भीतीने मला काही सुचेना, तेव्हा पायांनी जन्मभर येतं तेच केलं. बाकी सगळ्या रांगेत समोर तोंड करून उभ्या, आणि मी तीन टाळ्या वाजवत गरब्याची गोल फेरी धरली. थेट शिकवणाऱ्या मुलीवर जाऊन आदळले. सगळ्या खो खो हसल्या. मग मागची रांगच टाळ्या वाजवत माझ्यामागून फिरायला लागली. ती मुलगी म्हणाली, "भानुबेन, उद्या सुरुवात तुम्हीच करून द्या."

इतकी वर्षं मला वाटायचं, लोक हसतील. त्या बायका हसल्या आणि फेरीत आल्या. नुसता हसत बसणारा माणूस एकच आहे, आणि त्याचा डबा रोज मी भरते.

आज भरलेला नाही.

भानुमती