धरलेली जागा

दादा,

आपल्या क्लबचा लाडका कप्तान आज शेवटचा सामना खेळला. निरोप घ्यायला तो आमच्या गॅलरीसमोर आला, तेव्हा सगळे रडत होते. बाबा मात्र खुर्चीवर चढून ओरडले, "जा बाबा, पण अधूनमधून घरी येत जा रे!" लोक हसले. तू भांडून घर सोडलंस, तेव्हा हेच बाबा पेपरातून डोकं वर काढायला तयार नव्हते.

शेजारच्या तुझ्या खुर्चीवर ते अजूनही कोट टाकून ठेवतात. आज एवढ्या गर्दीत कुणीतरी ती मागितली, तर म्हणाले, "माणूस येतोय."

दोघंही हट्टी गाढवं आहात! हे पत्र मी पाठवणार नाही. कीव येऊन आलास, तर त्यांना लगेच कळेल.

स्वतःहून ये. जागा धरलेली आहे.

छोटी